बाहेरून आलेल्यांचे जालना

स्मरणिकेसाठी लेख मागवले तेव्हा ग्रुपवर बहुतेकांनी शाळेच्या आठवणी लिहिणार असे कळवले. सरांच्या छड्या, मधल्या सुट्टीतली बोरे-चिंचा, वेरूळच्या सहलीची बंद पडलेली एसटी हे सगळे या अंकात येईलच. मी जरा वेगळे लिहिते आहे, आपण ज्या गावात एका बाकावर बसलो त्या गावाबद्दल. आपण फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे पाठ केली, पण जालना पुस्तकात कुठे आले ते मला आठवत नाही. इतिहासाचे सर मात्र कधीकधी पुस्तक मिटून म्हणायचे, की या गावात मूळचा कोण हे शोधायला निघालात तर शेवटी फक्त कुंडलिका नदी हाती लागेल. तेव्हा आपण हसलो होतो. गेल्या काही वर्षांत सुट्टीला आले की मी थोडे वाचले, थोडे विचारले, आणि सरांचे म्हणणे खरे निघाले.

आपला हजेरीपट आठवून बघा. अग्रवाल, खरात, शेख, कुलकर्णी, साळवे, जैन, पठाण, देशमुख. आमचे घर स्वतः बाहेरचे. १ मे १९८१ ला औरंगाबाद जिल्ह्यातले तालुके आणि परभणीतले परतूर मिळून जालना जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवी कचेरी आणि कचेरीला कारकून हवे होते, म्हणून वडिलांची परतूरहून बदली झाली. मी तेव्हा वर्षाची होते. काद्राबादेत ज्या वाड्यात आम्ही भाड्याने राहिलो तिथे मालक मारवाडी, खालच्या खोल्यांत एक मुस्लिम कुटुंब आणि मागे मिशन हॉस्पिटलमधल्या एक सिस्टर राहायच्या. आईला सुरुवातीला फार परके वाटायचे. "हे काय गाव आहे, प्रत्येक दारात वेगळी भाषा," असे ती म्हणायची. वर्षभरात तीच भाजीवाल्याशी दखनीत घासाघीस करू लागली.

गावाच्या नावापासूनच बघा. एक दंतकथा सांगते की हे पूर्वी जनकपूर होते आणि सीतामाई इथे राहिल्या. पुढे एका श्रीमंत मुस्लिम विणकराच्या, म्हणजे जुलाह्याच्या, इच्छेवरून गावाला आजचे नाव मिळाले. खरेखोटे कोण ठरवणार? पण हिंदू कथा आणि विणकराचा धंदा एकाच नावात बसवणारी दंतकथा ज्यांनी रचली, ते लोक या गावाला नीट ओळखत होते एवढे मी म्हणेन. अकबराचा अबुल फजल काही काळ इथे राहून गेला. मस्तगडचा किल्ला १७२५ चा, पहिल्या निजामाच्या अमलातला. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्याच जिल्ह्यातल्या असईला वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि पुढे जालन्याला इंग्रजांची छावणी पडली. छावणीबरोबर मद्रासी शिपाई आले, त्यांच्या मागे दाणावाले, दर्जी, सावकार. पारशीही आले आणि त्यांच्यातल्या एका घराने तर जालनावाला असे आडनावच घेतले. १९०३ ला फौज उठून गेली तरी तिच्यामागे आलेले कितीतरी लोक इथेच राहिले.

याच सुमारास घडलेली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि तीच आपल्याला कुणी सांगितली नाही. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले गृहस्थ १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला पुन्हा जातीत घेण्यावरून त्या काळी मोठे वादळ उठले होते आणि बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले होते. शेषाद्री पुढे १८६० च्या दशकात जालन्याला आले. त्यांच्याकडे आलेले लोक बहुतेक मांग समाजातले. या लोकांना कुठल्याही गावात गावकुसाबाहेरच जागा होती. शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल हे नवे गाव वसवले. एका मुसलमान राज्याच्या जमिनीवर, स्कॉटिश मिशनच्या मदतीने, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने मांगांसाठी गाव वसवले! धर्मांतराबद्दल कुणाचे काहीही मत असो. मला त्यात दिसते ते हे, की ज्यांच्या नावावर कधी काही नव्हते त्यांना पत्ता मिळाला. आमच्या वाड्यातल्या सिस्टर अशाच एका घरातल्या होत्या, हे मला फार उशिरा कळले.

१९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी रेल्वे सुरू झाली. मनमाडहून येणारी ती मीटरगेज आपण लहानपणी पाहिली आहे, ब्रॉडगेज नव्वदच्या दशकात झाले. रेल्वेबरोबर कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग आल्या, पेढ्या आल्या. 'जालना, सोने का पालना' ही म्हण हिंदीत आहे आणि ती आपण मराठी माणसेही तशीच म्हणतो, यातच सगळे आले. १९६४ ला महिको सुरू करून भेंडीच्या बियाण्यापासून जालन्याला बियाण्यांची पेठ करणारे बद्रीनारायण बारवाले जन्माने हिंगोलीचे, दत्तक म्हणून इथे आलेले. १९९८ ला त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तेव्हा ते बाहेरचे आहेत असे कुणाच्या मनातही आले नाही.

मग इतक्या वेगवेगळ्या लोकांचे एक गाव झाले कसे? सणवार हे एक उत्तर झाले. धुळवडीला हत्ती रिसाल्याचा राजा रेवड्या उधळत निघाला की त्या झेलायला सगळ्या गल्ल्यांतली पोरे असायची. आषाढीला आनंदी स्वामींची यात्रा भरायची. पण सण वर्षातून एकदा येतो. पाणी रोज लागते, आणि माझ्या मते जालन्याला पाण्याने बांधले.

जमशेदखानाने शहराच्या पश्चिमेला मोती तलाव बांधला आणि त्याचे पाणी जमिनीखालच्या नळांनी वस्तीतल्या हौदांपर्यंत आणले. ती व्यवस्था पुढे मोडली. मग निजामाच्या काळात घाणेवाडीचा तलाव झाला. त्याचे पाणी पंप न लावता, नुसत्या उताराने नव्या जालन्यापर्यंत येते. इंजिनिअर झाल्यावर मला याचे खरे कौतुक वाटले. पण दुष्काळात उतार असून काय उपयोग? शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा दुष्काळ आपल्याला अंधूक आठवतो. आमच्या गल्लीत एकच हापसा होता. त्याची रांग कशी चालवायची हे बायकांनी ठरवले होते. घराला चार घागरी, बाळंतीण असेल तर दोन जास्त, रोजाच्या महिन्यात पहाटेची पाळी मुस्लिम घरांची. कुणी लिहून ठेवले नव्हते. भांडणे रोज व्हायची, अगदी झिंज्या धरून व्हायची, पण नियम मोडला नाही. माझ्या आईला गल्लीतल्या प्रत्येक घरात माणसे किती, आजारी कोण, पाहुणे कुणाकडे आले हे ठाऊक असायचे ते या रांगेमुळे.

२०१२-१३ च्या दुष्काळात मी पुण्यात होते आणि आई फोनवर टँकरचे दिवस मोजायची. पुढे जायकवाडीची पाइपलाइन आली. पण त्या काळात मला जास्त दिलासा दिला तो घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या कामाने. नागरिकांनी वर्गणी काढून तलावातला गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेऊन टाकला. त्या तलावात आता वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाचा थोडा वाटा आहे.

हे सगळे गोडगोड चित्र नाही, हेही लिहिलेच पाहिजे. रझाकारांनी मराठवाड्यात काय केले ते आपल्या आजी-आजोबांनी सांगितले आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुस्लिमांवर काय गुदरले ते घरात कमी बोलले जायचे. त्याची नोंद सुंदरलाल समितीने केली. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून १९७८ ला मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा आपण आठवीत होतो, आणि मधल्या सुट्टीत डबे खाणाऱ्यांचे दोन घोळके झाले होते. ते परत एक व्हायला परीक्षा यावी लागली. कुणाच्या तरी वहीशिवाय कुणाचे अडत होते म्हणून.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. मी वीस-बावीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि कुठलाही फॉर्म बनवायचा म्हटला की त्यात दोन रकाने असतात, सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. आज आपल्या गावात पोलादाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल चालतात. भंगार वितळवून घरांच्या सळया तयार होतात. त्या भट्ट्यांपुढे उभे राहणारे मोठ्या संख्येने बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातले आहेत. त्यांचा सध्याचा पत्ता जालना. ते बहुतेक कारखान्याच्या आवारात किंवा एमआयडीसीला लागून राहतात. त्यांचे पाणी वेगळे, दुकान वेगळे. आपल्या रांगेत ते कधी उभे राहिले नाहीत आणि त्यांच्या रांगेत आपण.

७ मे २०२० ला, लॉकडाऊनमध्ये, जालन्याच्या एका पोलाद कारखान्यातले वीस कामगार रुळांच्या कडेने गावी जायला चालत निघाले. शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले, बरेचसे गोंड आदिवासी. वाचलेल्यांनी नंतर सांगितले की पाससाठी अर्ज केले होते, उत्तर आले नव्हते. रात्रभर चालून थकल्यावर करमाडजवळ ते रुळांवरच झोपले. ८ मे च्या पहाटे मालगाडी आली आणि सोळा जण गेले. १९०० साली ज्या मार्गाने या गावात माणसे यायला लागली, तोच हा मार्ग.

त्या दिवसांत गावात माणुसकी नव्हती असे मुळीच नाही. आपल्यातल्याही काहींनी शिधा वाटला, डबे पोचवले. पण त्या दिवशी आईला फोन केला तेव्हा ती एकच विचारत होती, "ते राहायचे कुठे गं?" ज्या बाईला गल्लीतली बाळंतीण आणि तिच्या दोन घागरी पाठ होत्या तिला हे माहीत नव्हते. कुणालाच नव्हते. निघताना त्यांना थांबवायला, निदान रुळांवर बसू नका म्हणायला, गावात त्यांच्या ओळखीचे एकही दार नव्हते.

आपल्या बॅचमधली एक मैत्रीण एमआयडीसीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिच्याकडे या कामगारांची मुले वर्षाच्या मधेच येतात, दाखला नसतो, मराठी येत नाही. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. पण आईबापांना ते माहीत नसते आणि ते फाटकातून परत जातात. गेल्या वर्षापासून आम्ही चौघी-पाचजणी महिन्यातून एक रविवार तिथे जातो. फॉर्म भरून देतो, मुलांना मराठी वाचून दाखवतो, आणि त्यांच्या आयांकडून मी चार शब्द गोंडी शिकले आहे. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशीही आम्ही जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी साडेआठला शाळेच्या फाटकाशी या. सर, तुम्ही आलात तर मुलांना गावाची गोष्ट तुम्हीच सांगा. पिण्याचे पाणी मात्र सोबत आणा, तिथला हापसा सध्या बंद आहे.