गवताची गासडी आणि पाचशे पौंड

नालासोपाऱ्याहून पश्चिमेला समुद्राच्या दिशेने निघाले की निर्मळच्या पुढे कळंब लागते. सुरूच्या झाडांपलीकडे पुळण, अलीकडे वाड्या आणि भाताची खाचरे. भाताची झोडणी झाली की मागे पेंढा उरतो. तो पेंढ्याच्याच पिळलेल्या बंधाने बांधायचा, भारे डोक्यावरून घराकडे आणायचे आणि गंजी रचायची, ही या किनारपट्टीतली जुनी रीत. ज्या गुरांसाठी गंजी रचली ती गुरे तिच्यापासून दहा पावलांवर असतात. तेव्हा पेंढा दाबून घट्ट गासडी बांधण्याचे कारणच पडत नाही. ते कारण पडते केव्हा? चारा एकीकडे आणि जनावर दुसरीकडे अशी फारकत झाली म्हणजे. आजच्या पालघर जिल्ह्यात ही फारकत एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर झाली, आणि ती मुंबईमुळे झाली.

मुंबईत तेव्हा सारी वाहतूक जनावरांवर चाले. ९ मे १८७४ रोजी शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली. ती चालवणाऱ्या कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते, असे बेस्टच्या इतिहासात सांगितले जाते. एका घोड्याला दाण्याखेरीज रोज ६ किलो वाळलेले गवत धरू. म्हणजे दिवसाला ५,४०० किलो झाले. सुटे, सैल रचलेले गवत एका घनमीटरात ढोबळमानाने ६० किलो मावते. मग या घोड्यांना रोज ९० घनमीटर गवत लागणार. हा आकडा डोळ्यांपुढे येत नसेल तर आपला वर्गच मोजून पाहा. ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच वर्ग छतापर्यंत गच्च भरला तर बरोबर ९० घनमीटर होतात. असा एक वर्ग रोज रिकामा करणारे हे फक्त ट्रामचे घोडे. श्रीमंतांच्या बग्ग्या, भाड्याच्या गाड्या, बैल आणि दुधाच्या म्हशी वेगळ्याच.

हे गवत येणार कुठून? ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात डोंगरउताराच्या वरकस जमिनी होत्या. पावसाळ्यानंतर त्या गवताने भरून जात. २८ नोव्हेंबर १८६४ रोजी बीबीसीआय रेल्वेचा मार्ग ग्रँट रोडपर्यंत पोचला आणि वसईची खाडी रुळांनी ओलांडली गेली. आता गवत थेट शहरात पोचणे शक्य झाले. पण सुटे गवत भरलेली मालगाडीची वाघीण काठोकाठ भरते तरी वजनाने हलकीच राहते. म्हणजे रेल्वेने वाहून न्यायचा तो बराचसा वारा! गवत चौपट दाबले की तेच ५,४०० किलो पाव वर्गात बसते. म्हणून रेल्वेलगत गवताच्या वखारी आल्या आणि वखारींच्या जोडीला गवताचे प्रेस आले.

दाबून बांधण्याची विद्या मुंबईला नवी नव्हती, कापसाच्या गासड्या ती आधीपासून बांधत होती. गवताच्या जुन्या दाबयंत्राची रचना अगदी सोपी असते. एक मजबूत लाकडी पेटी, तिच्या तळाशी आणि बाजूंना खाचा. खाचांतून दोर किंवा तार आधीच ओवून ठेवायची, गवत थराथराने भरायचे, माणसाने आत उतरून तुडवायचे, मग वरची फळी लांब तरफेने किंवा स्क्रूने खाली रेटायची आणि दाब असतानाच तार आवळून गाठ मारायची. गवताच्या काड्या स्प्रिंगसारख्या असतात. दाब काढताच त्या उसळी घेतात, आणि ही उसळीच तार ताणून धरते व गासडी घट्ट ठेवते.

स्क्रूची ताकद मुलांना कागदावर काढता येते. फिरवायचा दांडा दीड मीटर लांब असेल आणि एका फेऱ्यात फळी अडीच सेंटिमीटर उतरत असेल, तर हात सुमारे ९४२ सेंटिमीटर फिरतो तेव्हा फळी २.५ सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे बळ ३७७ पट. दोघांनी मिळून ४० किलोचा रेटा दिला तर हिशेबाने १५ टन दाब यायला हवा. लाकडी स्क्रूत त्यातला मोठा भाग घर्षणातच जातो, तरी उरतो तो पुरेसा असतो. जोसेफ ब्रामा याने १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि हे घर्षण पुष्कळसे टळले. पुढे अमेरिकेत शेतातच फिरून गवत उचलणारी आणि आपोआप गाठ मारणारी यंत्रे आली. त्यांना लांबरुंद रान लागते. बांधाबांधांनी तुटलेल्या कळंबसारख्या गावच्या खाचरात असले धूड वळणार कसे? मीटरभर लांब, दीड वीत रुंद आणि तितकीच उंच अशी तरफेची पेटी मात्र तिथे आजही चालेल. तिच्यातली गासडी एकट्या माणसाला उचलता येते.

गासडी बांधण्यात दाबापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे गवत वाळवणे. फुलोऱ्याच्या सुमारास गवत सर्वांत कसदार असते, पण कोकणात तेव्हा पाऊस चालू असतो. पाऊस थांबून ऊन पडेपर्यंत बी झडते, काड्या टणक होतात आणि प्रथिने घटतात. म्हणजे उत्तम गवत वाळत नाही आणि वाळते ते उत्तम नसते! घाई करून ओलसर गवत दाबले तर आत बुरशी आणि जिवाणू वाढतात, त्यांच्या श्वसनाने गासडी तापते. उष्णता ७० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की जिवाणू मरतात, पण रासायनिक क्रिया पुढे चालू राहून गवत आपोआप पेटूही शकते. ओल साधारण १५ टक्क्यांवर आली म्हणजे धोका टळतो. यासाठी एक सोपी परीक्षा आहे. कोरड्या बरणीत मूठभर गवताचे तुकडे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवावे. मिठाच्या गुठळ्या झाल्या तर गवत अजून ओले आहे. प्रयोग मात्र कोरड्या हवेच्या दिवशी करावा.

या ओलीला आणखी एक अंग आहे, ते मजुरीचे. नुकत्या कापलेल्या ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो, गवतात ६० टक्के पाणी आहे असे धरा. कोरडा भाग उरला २०० पौंड. १५ टक्के ओलीपर्यंत वाळल्यावर तेच गवत सुमारे २३५ पौंड भरेल. आता उलटे करा. वाळलेले ५०० पौंड हवे असेल तर हिरवे किती कापावे लागेल? सुमारे १,०६० पौंड. विळा तोच आणि हातही तेच, पण काटा कधी लावायचा यावर काम दुप्पट होते.

घोड्यांची ट्राम १ ऑगस्ट १९०५ रोजी बंद झाली, तरी तबेल्यांतल्या म्हशींमुळे गवताचा धंदा टिकून राहिला. कुरणे जमीनदार-सावकारांची आणि गवत कापणारे हात वारल्यांचे, अशी त्याची वाटणी होती. पुष्कळांना वेठीला जावे लागे. लग्नासाठी कर्ज काढून जन्मभर मालकाकडे राबणारे ‘लग्नगडी’ होते. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठ नाकारण्याचे ठरले. शामराव आणि गोदावरी परुळेकर तेव्हा किसान सभेतर्फे तिथे काम करीत होते. गोदावरीबाईंनी हा सारा लढा पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. कापणीचा हंगाम आला तेव्हा संपाची मागणी एका ओळीत मावण्याएवढी होती: ५०० पौंड गवत कापण्याचे २ रुपये ८ आणे. आण्याला साडेबारा पौंड.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलासरीजवळ तलवाड्याला वारली हजारोंनी जमले होते. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. कुरणांतले गवत तेव्हा कापणीला आले होते.