खोक्यातला खर्ज

नवापूरच्या रेल्वे फलाटावर गाडीची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होते. स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातमध्ये. भाषा बदलते, राज्य बदलते. पण कर्ण्यातून येणाऱ्या आवाजाची जात बदलत नाही. पातळ, टोकदार, थोडासा नाकातला.

श्रोतेहो, माझ्या पिढीनं सिनेमाची गाणी याच आवाजात ऐकली. लग्नाच्या मांडवात बांबूला बांधलेला भोंगा असे. उरुसाच्या रात्री कव्वालीही त्यातूनच येई. माझे मेहुणे असे भोंगे भाड्यानं देत. ते आज नाहीत. त्यांचा मुलगा ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. गेल्या वर्षी तो म्हणाला, ‘‘मामू, साठ-सत्तरच्या दशकातल्या इंग्लिश बँडचा तो जुना, गोलसर बास मला हवाय. त्यासाठी त्या काळचे स्पीकर आणि तशीच खोकी लागतात.’’ जुने स्पीकर त्यानं मिळवले होते. प्लायवूड आणि सुताराच्या मजुरीसाठी अब्बांचे दोन भोंगे भंगारात घालायचं त्यानं ठरवलं होतं.

मला ते टोचलं. पण बोललो नाही. मी कवी माणूस, या विद्येतलं मला काय कळणार? म्हणून आधी त्या आवाजाचा इतिहास वाचू लागलो, आणि ध्यानात आलं की ती सारी अडचणींची कहाणी आहे.

१९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बास गिटार बाजारात आणली. ब्रिटनमध्ये मात्र अमेरिकी गिटारींच्या आयातीवर १९५९पर्यंत निर्बंध होते. तिथली पोरं मिळेल त्यावर भागवत. लिव्हरपूलच्या पॉल मॅकार्टनीनं १९६१ साली जर्मन बनावटीची हॉफनर बास घेतली. तिच्यासाठी एड्रियन बार्बर या वादक मित्रानं १५ इंची स्पीकरचं खोकं बनवलं. ते इतकं अवजड होतं की सगळे त्याला ‘शवपेटी’ म्हणत. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ साली फेंडरच्याच बासमन अँप्लिफायरवरून नवा अँप्लिफायर तयार झाला. सेलेस्टियन कंपनीच्या १२ इंची स्पीकरला एकट्यानं तो भार पेलेना. मग चार स्पीकर एका बंद खोक्यात बसवले आणि ओझं चौघांत वाटलं.

खोकं बंद का? स्पीकरचा कागदी पडदा पुढं सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की खर्ज मिटून जातो. मागं फळी ठोकली की तो टिकतो. पण कोंडलेली हवा पडद्याला मोकळं हलू देत नाही, त्यामुळं अगदी तळाचा स्वर उतरतोच. त्यात व्हॉल्व्हचा अँप्लिफायर जोरात वाजवला की आवाजाला किंचित खरखर येते. आज ज्याच्या मागं लोक धावतात तो ब्रिटिश बास असा उणिवांतून घडला.

आता आपल्याकडं पाहा. मुंबईत राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवीत. तो बास नवापूरला पोचला तो भोंग्यातून. म्हणजे खरं तर पोचलाच नाही. बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. त्या स्वराची एक लाट ८ मीटरहून लांब. भोंग्याच्या हातभर तोंडातून ती बाहेर पडणार कशी?

तरीही आम्ही तो बास ऐकला, गुणगुणला. कारण तीच तार ४१बरोबर ८२, १२३ असे वरचे कंपही देते. भोंगा त्यांतले वरचे सूर तेवढे फेकतो आणि त्यांवरून मूळ खर्ज आपला मेंदू स्वतःच जुळवतो. ध्वनिशास्त्रानं हे दाखवून दिलं आहे. म्हणजे मांडवातला खर्ज आमच्या कानांचा होता.

खोकी तयार झाल्यावर भाच्यानं मला बोलावलं. तार छेडली तशी कपाटातली ताटं थरथरली. सुरेख गोल आवाज होता. तरी तो म्हणाला, ‘‘अजून तसा नाही, मामू.’’ मी कोपऱ्यातला भोंगा त्याला जोडायला लावला आणि एक जुनं गाणं सुरू करायला सांगितलं. पातळ, नाकातला आवाज घरभर पसरला. दुसऱ्या कडव्याला त्याची बोटं गुडघ्यावर चालू लागली आणि तो हलकेच बास गुणगुणू लागला. त्या भोंग्यातून न येणारा बास.

गाणं संपल्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही. सुताराची मजुरी त्यानं पुढं दोन हप्त्यांत दिली. भोंगे घरातच आहेत.