पडद्यावरचे तुळजापूर आणि दगडातले नळदुर्ग

कुडाळ तालुक्यातील आकेरी हे गाव २०१६पूर्वी महाराष्ट्रात फारसे कुणाला माहीत नव्हते. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका तिथल्या एका वाड्यात चित्रित झाली आणि लोक तो वाडा पाहायला गाड्या करून येऊ लागले. कोल्हापूरजवळच्या वसगड्याचे 'तुझ्यात जीव रंगला'मुळे तेच झाले. कर्नाटकात तर याहून नवल घडले. आर. के. नारायण यांचे मालगुडी कुठल्याच नकाशावर नव्हते. शंकर नाग यांनी १९८६मध्ये आगुंबे परिसरात 'मालगुडी डेज'चे चित्रीकरण केले आणि पुढे शिवमोग्याजवळचे अरसाळू हे रेल्वे स्थानक मालगुडीचे संग्रहालय झाले. कल्पनेतल्या गावाला खरे स्थानक मिळाले.

धाराशिव जिल्ह्याची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे. इथे गावे खरी आहेत, दगड खरे आहेत, पण पडद्यावर त्यांच्या नावाने जे दिसते ते बहुतेक वेळा दुसरीकडे उभारलेले असते. 'राजा शिवछत्रपती' (२००८) कर्जतच्या एन. डी. स्टुडिओत घडली. २०२४च्या नवरात्रात कलर्स मराठीवर सुरू झालेल्या 'आई तुळजाभवानी'ने तुळजापूरचे नाव घरोघरी पोहोचवले. अशा मालिका पाहून लोक आपल्याकडे येतात. त्यांना काय दाखवायचे आणि काय सांगायचे, हा या लेखाचा विषय आहे.

मालिकावाले किल्ल्यात का येत नाहीत, याचे कारण साधे आहे. त्यांना सतराव्या शतकातला किल्ला हवा असतो. आपल्याकडे आहे तो एकविसाव्या शतकातला. छत कोसळलेले, तटावर निवडुंग, दरबाराच्या जागी मोकळे मैदान. सतराव्या शतकात तो नवा आणि नांदता होता. म्हणजे खरी वास्तू स्वतःचीच भूमिका करू शकत नाही. त्यासाठी प्लायवूडची नवी वास्तू लागते. त्यातून संरक्षित स्मारकात परवानगीचे सोपस्कार, वीज आणि आवाज यांच्या अडचणी. पडद्यावर सारे कोरे करकरीत पाहून आलेला माणूस मग किल्ल्यात उभा राहून विचारतो, "दरबार कुठं आहे?" वाटाड्याची कसोटी या प्रश्नापासून सुरू होते.

मात्र स्थळाला कथा चिकटवण्याचे काम दूरचित्रवाणीने सुरू केलेले नाही. या जिल्ह्यात ते निदान हजार वर्षे चालू आहे.

सुरुवात तेरपासून करावी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर असल्याचे म्हटले आहे. तिथून जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. हे तगर म्हणजे तेर, हे फ्लीट यांनी १९०१मध्ये मांडले. त्याआधी विद्वान ते दौलताबादपासून जुन्नरपर्यंत शोधत होते. तेरला त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर पाहावे. मागची बाजू अर्धगोल आणि छत गजपृष्ठाकार असलेली ही वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात तेरच्या मातीतून निघालेल्या मूर्ती, मणी, भाजक्या मातीच्या वस्तू आहेत. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना थेट इटलीतल्या पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय मूर्तीशी केली जाते.

त्याच गावात गोरोबाकाकांची समाधी आहे. संतमंडळींच्या डोक्यावर थापटी मारून कोणते मडके कच्चे आणि कोणते पक्के हे काकांनी पारखले, ही कथा वारकऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही. वाटाड्यानेही हीच थापटी हातात घ्यावी. पेरिप्लस हा लेखी पुरावा, विटा आणि हस्तिदंत हा वस्तूंचा पुरावा, गोरोबांची कथा ही श्रद्धेची परंपरा. तिघांनाही मान आहे, पण तिघांचा आवाज वेगळा येतो. तो वेगळा ऐकू येईल असे सांगणे म्हणजे स्थळदर्शन.

धाराशिव शहराजवळची लेणी हे याचे दुसरे उदाहरण. अकराव्या शतकात कनकामर मुनींनी अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' हे काव्य रचले. त्यात राजा करकंड तेरापूरजवळच्या गुहेत पार्श्वनाथाचे दर्शन घेतो; मूर्तीपाशी असलेली दगडी गाठ फोडताच पाण्याचा लोट उसळतो. हिरालाल जैन यांनी हे काव्य संपादित केल्यावर त्यातील वर्णनाचा संबंध या लेण्यांशी जोडला गेला. लेणी काव्याच्या आधी काही शतके खोदलेली. म्हणजे कनकामरांनी जुनी, भव्य, थोडी गूढ जागा घेतली आणि तिच्यावर एक चरित्र रचले. आजचा पटकथाकार याहून वेगळे काय करतो?

तिसरा कथाकार साहेब होता. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर यांच्याबरोबर नळदुर्गाचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला. त्याचा कारभार फिलिप मेडोज टेलर यांच्याकडे आला. १८६०मध्ये हा मुलूख निजामाकडे परतला आणि १८६३मध्ये टेलर यांची 'तारा' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याची बालविधवा मुलगी. नायक अफझलखानाचा मुलगा फाजल. १६५७, १७५७ आणि १८५७ अशा शंभर-शंभर वर्षांच्या टप्प्यांवर तीन कादंबऱ्या बसवण्याची टेलर यांची योजना होती. प्रतापगडाखालची भेट मात्र १० नोव्हेंबर १६५९ची. योजनेसाठी दोन वर्षे इकडची तिकडे झाली. मालिकेत तारखा फिरवल्या म्हणून आपण चिडतो, तेव्हा ही जुनी वहिवाट ध्यानात असलेली बरी.

आता तुळजापूर. इथे राजे शहाजी महाद्वारातून पायऱ्या उतरताना भाविकाच्या मनात अफझलखानाचा प्रसंग असतोच. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीत लिहिलेल्या सभासद बखरीत खानाने देवीची मूर्ती फोडून जात्यात भरडल्याचे सांगितले आहे. स्थानिक परंपरा सांगते की मूर्ती आधीच हलवून लपवली होती. या दोन सांगण्यांपैकी एकाची निवड करण्याची घाई वाटाड्याने करू नये. त्याने एक गोष्ट दाखवावी : तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून ठरावीक वेळी देवी सिंहासनावरून उतरून पलंगावर निद्रा घेते, दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी पालखीत बसते. मूर्ती हलवणे हा इथल्या पूजाविधीचाच भाग आहे. त्यामुळे संकटकाळी ती हलवली असेल, या परंपरेला निदान विधीचा आधार आहे. पडद्यावर हा तपशील क्वचितच येतो. देवळात तो वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर घडतो.

तुळजापुराहून तासाभरात नळदुर्ग. किल्ल्याच्या आत बोरी नदीवर धरण घालून पलीकडचे रणमंडळ जोडले आहे आणि त्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, १६१३मध्ये, तो बांधला गेला. नदी भरून वाहू लागली की नर आणि मादी या दोन सांडव्यांतून पाणी कोसळते आणि आत कोरड्या दालनात बसलेला माणूस खिडकीतून ते समोरून पडताना पाहतो. वर शेकडो मण पाणी, आत एक थेंब नाही. उंच उपळी बुरुजावरून हा सारा पसारा एका नजरेत येतो.

हा इब्राहीम संगीताचा जाणकार होता. त्याच्या 'किताब-ए-नवरस'मध्ये सरस्वतीचे स्तवन आहे. अफझलखान ज्या गादीचा सरदार, तीच ही गादी. मध्ये पाऊणशतकाहून कमी अंतर. शहाजीराजेही याच दरबारात सरदार होते. मालिकेत आदिलशाही म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर हसणारे चेहरे. तुळजापूर पाहून सरळ परतणारा यात्रेकरू हेच चित्र घेऊन घरी जातो. त्याच दिवशी नळदुर्ग पाहणाऱ्याला दोन गोष्टी एकत्र पेलाव्या लागतात : ज्या सत्तेची फौज देवीवर चालून आल्याचे बखर सांगते, त्याच सत्तेने हा पाण्यातला महाल उभारला. यातली एक सांगून दुसरी गाळणे सोयीचे आहे, पण तो इतिहास नव्हे. म्हणून माझा आग्रह आहे की ही दोन स्थळे एकाच दिवसात, एकाच वाटाड्याने दाखवावीत.

शेवटचा दिवस परंड्यासाठी. अहमदनगर पडल्यावर १६००मध्ये मलिक अंबरने मुर्तझा निजामशहाला इथे गादीवर बसवले. काही काळ हे भुईकोट ठाणे राजधानी होते. १६३४मध्ये शाहजादा शुजा आणि महाबतखान यांचा वेढा या किल्ल्याने परतवला. आज विजापूरला बुरुजावर असलेली प्रचंड 'मलिक-ए-मैदान' तोफ १५४९मध्ये अहमदनगरला ओतली, पुढे परंड्यात आली आणि १६३२मध्ये इथूनच विजापूरला नेली गेली. शेजारच्या करमाळा तालुक्यात 'सैराट'चे चित्रीकरण झाले तेव्हापासून तिकडे हौशी लोकांची ये-जा असते. त्यांतले थोडे जरी परंड्याकडे वळले, तरी किल्ल्यात कुणीतरी माहितगार उभा राहण्याइतके काम गावातल्या मुलांना मिळेल.

प्रश्न रोजगाराचाही आहे, हे नाकारून चालणार नाही. २०२३मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. पाण्याची ओढ आणि पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या एसटीतली गर्दी तशीच आहे. वाटाड्याचे काम करणाऱ्या पोराला मालिकेतला संवाद म्हणून दाखवला की टाळ्या मिळतात, बिदागीही मिळते. त्याला दोष देता येत नाही. त्याच्या हातात दुसरे काही आपण दिलेले नाही. प्रत्येक स्थळाबद्दल तीन पाने पुरतील : इथे दगडात काय आहे, कागदात केव्हा काय लिहिले गेले, आणि लोक, कवी, मालिका काय सांगतात. पहिल्या दोन पानांची भर पडली, तर तिसरे पान तो आणखी रंगवून सांगेल, आणि ऐकणाऱ्यालाही ते तिसरे पान आहे हे कळेल.