कुत्र्याची अन्ननलिका आणि दाहशामक औषधे

माणसाच्या अन्ननलिकेचा खालचा भाग आणि मांजराच्या अन्ननलिकेचा शेवटचा सुमारे तृतीयांश भाग अरेखित स्नायूंचा असतो. कुत्र्यात मात्र घशापासून जठरापर्यंतची जवळजवळ सगळी भिंत रेखित स्नायूंची, म्हणजे हातापायांच्या स्नायूंच्या जातीची असते. त्यामुळे पायांतले बळ हिरावणारे रोग कुत्र्याच्या गिळण्यावरही घाला घालतात. नळी सैल पडून फुगते (मेगाइसोफॅगस) आणि घास न पचताच परत येतो. मालक याला ओकारी म्हणतो. पण ओकारीत पोट जोराने आवळते, इथे अन्न नुसते ओघळते.

स्नायुदाहात (पॉलिमायोसायटिस) प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचाच मुख्य आधार. सुरुवातीचा डोस दर किलो वजनास दिवसाला सुमारे २ मिलिग्रॅम असतो आणि पुढे तो काही महिन्यांत उतरवतात. स्नायूंच्या जागी तंतुमय ऊती भरली असेल, तर गेलेली शक्ती परत येत नाही. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये प्रकरण नाजूक असते. प्रतिपिंडे नसेचा संदेश स्नायूपर्यंत पोहोचू देत नाहीत, म्हणून स्टेरॉइड तर्काला पटते; तरी मोठ्या डोसाने पहिल्या काही दिवसांत अशक्तपणा वाढू शकतो. शिवाय अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झालेला असेल, तर प्रतिकारशक्ती दाबणे धोक्याचे. म्हणून आधी नसेचा संदेश बळकट करणारे पायरिडोस्टिग्मिन देतात. दीर्घकाळच्या स्टेरॉइडने स्नायू झिजतात, हा आणखी एक पेच. ॲडिसन रोगात फुगलेली नळी स्टेरॉइडने पूर्ववत होऊ शकते, पण ते दाहशमन नव्हे. शरीरात कमी पडलेल्या संप्रेरकाची ती भरपाई असते.

कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम यांसारखी स्टेरॉइडविरहित औषधे प्रॉस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतात. प्रॉस्टाग्लँडिन ई जठराच्या तोंडावरची अरेखित संवरणी सैलावते, एफ-२ अल्फा तिला आवळते. पण कुत्र्यात अरेखित स्नायू मुख्यतः या टोकाशीच असल्याने उरलेल्या नळीच्या हालचालीवर या औषधांचा थेट प्रभाव फारसा अपेक्षित नाही. खरा उपद्रव जठरातून येतो. तिथल्या अस्तराला व्रण पडतात, ओकाऱ्या होतात आणि आम्ल वर चढून अन्ननलिका पोळते. दाहलेली नळी मंद हलते, संवरणी ढिली पडते आणि आम्ल पुन्हा चढते. माणसांची डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घरच्या कुत्र्याला देणे जठरातल्या अशा व्रणांमुळेही घातक ठरू शकते. स्टेरॉइड आणि ही औषधे एकत्र देत नाहीत. एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये काही दिवस सोडतात. फुगलेल्या नळीत गोळी अडकून तिथले अस्तर भाजते, म्हणून अशा कुत्र्याला उभ्या स्थितीत बसवून मऊ अन्नाच्या गोळ्यातून औषध देतात, नाहीतर इंजेक्शन टोचतात.