पोलादाचे वय

दिवाळीत फटाक्यांच्या दुकानात लावलेला परवाना आणि फराळाच्या शेगडीजवळ ठेवलेला लाल सिलिंडर, या दोन्हींचे कायदेशीर कूळ एकच आहे : 1884 चा स्फोटक कायदा. फटाक्यांचे समजू शकते. पण ज्या वायूवर आपण चकल्या तळतो तो कायद्याच्या लेखी ‘स्फोटक’ कधी झाला? एवढ्या कुतूहलापोटी मी सिलिंडरविषयक नियम वाचायला घेतले. मी अभियंता नाही आणि वकीलही नाही, त्यामुळे वेळ लागला. परंतु हाती आले ते केवळ तांत्रिक नव्हते.

हा कायदा झाला तेव्हा सरकारच्या नजरेसमोर होती बंदुकीची दारू आणि डायनामाइट. मुंबईतल्या दारूखान्याच्या नावात ती दारू अजून शिल्लक आहे. 1898 मध्ये स्फोटकांसाठी स्वतंत्र खाते स्थापन झाले. तेच आज ‘पेसो’ या नावाने ओळखले जाते आणि त्याचे मुख्यालय नागपुरात आहे. दाबाखाली भरलेला वायू मूळ कायद्यात नव्हता. मात्र कलम 17 ने एक वाट मोकळी ठेवली होती : एखादा पदार्थ विशेष धोकादायक वाटल्यास अधिसूचना काढून तो ‘स्फोटक मानण्याचा’ अधिकार सरकारला होता. 28 सप्टेंबर 1938 च्या अधिसूचनेने तो वापरला गेला. धातूच्या पात्रात दाबून किंवा द्रवरूप करून भरलेला कोणताही वायू स्फोटक मानला जाईल, असे ठरले. त्यातून 1940 चे गॅस सिलिंडर नियम आले. पुढे 1981, 2004 आणि 2016 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली.

यातला ‘कोणताही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नायट्रोजन पेटत नाही. ऑक्सिजन जळायला मदत करतो, स्वतः जळत नाही. तरीही दोन्ही या व्याख्येत आले. म्हणजे धोका केवळ वायूच्या स्वभावात नाही, तो दाबात आणि दाब पेलणाऱ्या पात्रात आहे, हे कायद्याने ओळखले. ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये वातावरणाच्या सुमारे दीडशे पट दाब असतो. तो पेलणारे पोलाद आतून गंजते, पोचे खाते, थकते. बाहेरून रंग मात्र ताजा दिसतो.

न दिसणारे हे वय ओळखण्यासाठी पाण्याची चाचणी आहे. रिकामा सिलिंडर पाण्याने काठोकाठ भरून त्यावर नेहमीच्या वापरापेक्षा जास्त दाब देतात. हवेऐवजी पाणीच का? पाणी जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे पात्र फुटलेच तर हवेसारखा भडका उडत नाही, तडा जातो आणि पाणी वाहून जाते. दाबाखाली पोलाद किंचित ताणले जाते आणि दाब काढल्यावर मूळ आकाराला येते. ते पुरेसे मागे आले नाही, तर सिलिंडर बाद. वजनही पाहतात : रिकाम्या सिलिंडरचे मूळ वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर तेवढे पोलाद गंजाने खाल्ले असे समजून तो बाद करतात. बाद सिलिंडर नुसता भंगारात टाकायचा नसतो. तो चेपायचा किंवा असा कापायचा, की तुकडे जोडून पुन्हा सिलिंडर करता येऊ नये.

चाचणीची नोंद सिलिंडरच्या अंगावरच असते. घरगुती सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्टीवर आतून ‘बी-28’ असे काही लिहिलेले दिसते. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. पुढचा आकडा वर्षाचा. त्या मुदतीपर्यंत पुढची चाचणी व्हायला हवी. घरगुती सिलिंडरची पहिली चाचणी दहा वर्षांनी आणि नंतर दर पाच वर्षांनी होते. क्लोरीनसारख्या गंजवणाऱ्या वायूच्या सिलिंडरची मुदत मात्र दोनच वर्षांची.

आता या रचनेचा पहारेकरी कुठे उभा आहे ते पाहू. मुदत उलटलेला सिलिंडर भरू नये, असा नियम आहे. म्हणजे तपासणीची खरी चौकी भरणीच्या दारात आहे. स्वयंपाकघरातला सिलिंडर महिन्या-दोन महिन्यांनी त्या दारात परत जातो, म्हणून व्यवस्था चालते. पण जो भरलेला सिलिंडर कधी रिकामाच होत नाही, तो त्या दारात येणार कसा?

याचे उत्तर मुंबईला 14 जुलै 2010 च्या पहाटे मिळाले. शिवडीजवळच्या हाजी बंदरात, बंदराच्या आवारात, क्लोरीनचे सिलिंडर वर्षानुवर्षे बेवारस पडून होते. दोन वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. खारी हवा आणि मुंबईचा पावसाळा यांनी आपले काम केले आणि गंजलेल्या सिलिंडरमधून वायू सुटला. शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला. त्यांत मदतीला गेलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. 1915 मध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने सिलिंडरांतून मुद्दाम सोडला, तो हाच वायू. इथे तो कोणी सोडला नव्हता. त्याच्याकडे कोणी पाहिले नव्हते, इतकेच.

या इतिहासातून मी काढलेला निष्कर्ष असा : 1938 पासून आपले नियम वापरातल्या सिलिंडरबाबत अधिकाधिक बारकाईचे होत गेले, पण त्यांनी सिलिंडरला मालक आहे आणि तो परत येणार आहे, हे गृहीत धरले. बंद पडलेला कारखाना, न सोडवलेला माल, भंगाराचा ढीग या ठिकाणी ते गृहीतक लटके पडते. मुदत मोजायची तर ती सिलिंडर जिथे पडला आहे तिथे जाऊन मोजायला हवी. तो दारात येण्याची वाट पाहून नव्हे.

या दिवाळीत घरी सिलिंडर येईल तेव्हा कड्याच्या आतली अक्षरे जरूर वाचा. आणि कुठे आडबाजूला गंजलेला सिलिंडर दिसला, तर त्याला हात न लावता अग्निशमन दलाला कळवा. त्याच्या अंगावरची तारीख वाचणारे कदाचित दुसरे कोणीच उरलेले नसेल.