सुटलेला फ्लेचर, परतलेला टेरी

गेल्या पावसाळ्यात पंधरा दिवस घरून काम होतं. रात्री डिप्लॉयमेंट चालू असताना दुसऱ्या स्क्रीनवर काहीतरी हवं म्हणून मी जुन्या ब्रिटिश सिटकॉम पुन्हा लावल्या. कॉलेजात असताना हॉस्टेलच्या हार्ड डिस्कवरून त्या पाहिल्या होत्या, तेव्हा निम्मे विनोद कळलेच नव्हते. आता कळत होते. पण या वेळी मी अडकलो ते विनोदांपेक्षा एका वेगळ्याच प्रश्नात. एकाच लेखकजोडीनं आपल्या दोन गाजलेल्या मालिकांचे पुढचे भाग म्हणून दोन स्वतंत्र मालिका लिहिल्या. एक मूळ मालिकेपेक्षा सरस झाली आणि दुसरी सहा भागांत आटोपली. असं का झालं?

लेखक आहेत डिक क्लेमंट आणि इयान ला फ्रेने. क्लेमंट बीबीसीत दिग्दर्शनाचं प्रशिक्षण घेत होता. तिथल्या सरावासाठी दोघांनी मिळून एक छोटा प्रवेश लिहिला, आणि त्यातून १९६४मध्ये ‘द लाइकली लॅड्स’ उभी राहिली. ला फ्रेने न्यूकॅसलच्या जवळचा, त्यामुळे गोष्ट इंग्लंडच्या ईशान्येकडची. बॉब आणि टेरी हे कारखान्यात काम करणारे दोन तरुण. बिअर, फुटबॉल, मुली, आठवड्याचा पगार, एवढंच त्यांचं जग. त्याआधीच्या ब्रिटिश टीव्हीवर उत्तरेकडचा कामगार बहुतेक वेळा हसण्याचा विषय म्हणून यायचा. इथे हसणारेही तेच होते. १९६६मध्ये मालिका संपली तीही मजेशीर रीतीनं. बॉब कंटाळून सैन्यात जायचं ठरवतो. मित्राशिवाय करमणार नाही म्हणून टेरीही नाव नोंदवतो. मग बॉबला सपाट तळपायांमुळे नाकारतात आणि टेरी एकटाच काही वर्षांसाठी अडकतो.

हा शेवट लिहिताना पुढचा विचार केला असेल असं मला वाटत नाही. पण १९७३मध्ये ‘व्हॉटेव्हर हॅपन्ड टू द लाइकली लॅड्स?’ सुरू झाली तेव्हा तोच शेवट भांडवल ठरला. पहिल्या भागात आगगाडीच्या डब्यातले दिवे गेलेले असतात. अंधारात दोन अनोळखी प्रवासी बोलू लागतात, आणि दिवे आल्यावर कळतं की हे बॉब आणि टेरीच आहेत. टेरी सैन्यातून परतला आहे, एका जर्मन मुलीशी केलेलं लग्न मोडून. बॉबची नोकरी आता पांढरपेशी, लग्न ठरलेलं, नव्या वसाहतीत घर. होणारी बायको थेल्मा नीटनेटकी, तिच्या मैत्रिणी बॅडमिंटन क्लबातल्या.

मूळ मालिकेत दोघं एकाच पायरीवर उभे होते. आता त्यांच्या मधोमध वर्गाची रेष आली आहे, आणि गंमत म्हणजे ती दोघांनाही दिसते. टेरी म्हणतो तू विकला गेलास, बॉब म्हणतो तू वाढलाच नाहीस. दोघांचंही थोडं बरोबर आहे.

यात न्यूकॅसल शहर तिसरं पात्र म्हणून येतं. शीर्षकाच्या दृश्यांत जुन्या चिकटून उभ्या घरांच्या रांगा, पाडकाम आणि नवी, एकसारखी घरं दिसतात. हे कल्पनेतलं नव्हतं. साठच्या दशकात टी. डॅन स्मिथ या नेत्याच्या पुढाकारानं न्यूकॅसलचा मोठा भाग पाडून नवा बांधायला घेतला होता. १९७४मध्ये, मालिकेचा दुसरा सीझन चालू होता त्याच सुमारास, हाच स्मिथ बांधकामातल्या भ्रष्टाचारासाठी सहा वर्षांच्या तुरुंगवासावर गेला. त्याच हिवाळ्यात कोळशाच्या टंचाईमुळे ब्रिटनमधले कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालत होते. बॉबनं ज्या उज्ज्वल भविष्यासाठी गृहकर्ज घेतलं, ते भविष्य प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत गचके खात होतं. मालिकेत यावर भाषण एकही नाही. टेरी फक्त विचारत राहतो की तो अमुक पब कुठे गेला, आणि उत्तर बहुतेक वेळा ‘पाडला’ असंच असतं.

एक भाग मात्र आजच पाहावा असा आहे. इंग्लंडची मॅच रात्री टीव्हीवर दाखवणार असतात. तोपर्यंत निकाल कानावर पडू नये म्हणून दोघं दिवसभर शहरभर लपत फिरतात, आणि तिसरा एक जण निकाल सांगण्याच्या पैजेवर त्यांच्या मागे लागतो. स्पॉयलर हा शब्द कुणाच्या तोंडी नसताना १९७३मध्ये लिहिलेला हा भाग आहे. शेवटी कळतं की पावसामुळे मॅच झालेलीच नाही.

आता दुसरी गोष्ट. १९७३मध्येच रॉनी बार्करसाठी बीबीसीनं सात स्वतंत्र विनोदी नाटिका केल्या. त्यातल्या एकीतून पुढे ‘ओपन ऑल अवर्स’ आली, आणि क्लेमंट-ला फ्रेने यांनी लिहिलेल्या एकीतून ‘पॉरिज’. पॉरिज म्हणजे ओटची लापशी. तुरुंगातला नाश्ता म्हणून शिक्षा भोगण्याला इंग्रजी बोलीत तेच नाव पडलं. तुरुंगावर विनोदी मालिका लिहायची म्हणून दोघं खरे तुरुंग बघून आले आणि खचले. त्यात हसण्यासारखं काही सापडेना. मग एका माजी कैद्याशी बोलताना त्यांना किल्ली मिळाली. आत असताना माणूस छोट्या छोट्या विजयांवर जगतो, म्हणजे साहेबाला न कळता मिळवलेली एखादी वस्तू, एखादं चोख उत्तर.

१९७४ ते १९७७च्या तीन सीझनमध्ये या किल्लीनं सगळी कुलुपं उघडतात. एक अख्खा भाग अननसाच्या डब्यावर आहे. फ्लेचरनं तुरुंगातूनच ढापलेला डबा त्याच्या कोठडीतून कुणीतरी ढापतं, आणि चोरांच्या वस्तीत चोरी झाली म्हणून फ्लेचर मनापासून दुखावतो. दुसरा भाग, ‘अ नाइट इन’, जवळजवळ संपूर्ण एका कोठडीत घडतो. रात्र आहे, दार बंद आहे, आणि तरुण गॉडबरला पहिल्यांदाच आत असण्याची भीती वाटते आहे. फ्लेचर त्याला धीर देतो, पण धीर देतो आहे हे कबूल न करता. रिचर्ड बेकिन्सेलचा गॉडबर तिथे फारसं काही करत नाही, नुसता ऐकतो. मी तो भाग तीनदा पाहिला. शेवटच्या वेळी डिप्लॉयमेंट फेल झालेलं मला पंधरा मिनिटं कळलं नव्हतं.

बार्करला इथेच थांबायचं होतं, म्हणून लेखकांनी फ्लेचरला सोडलं. १९७८च्या ‘गोइंग स्ट्रेट’चा पहिला भागही आगगाडीतच घडतो. सुटलेला फ्लेचर लंडनला निघाला आहे आणि त्याच गाडीत त्याचा जुना वैरी, शिस्तीचा जेलर मॅके. हा भाग उत्तम आहे, आणि उत्तम का आहे हे सरळ दिसतं. डबा म्हणजे पुन्हा कोठडीच. दोघांनाही बाहेर पडता येत नाही.

गाडी लंडनला पोचते आणि मालिका सैल पडते. बायको सोडून गेली आहे, मुलं मोठी झाली आहेत, फ्लेचर एका छोट्या हॉटेलात रात्रपाळीला बसतो. गॉडबर आता ट्रक चालवतो आणि फ्लेचरच्या मुलीशी लग्न करणार आहे. विनोद आहेत, बार्कर आहे, बेकिन्सेलही आहे, पण मॅके गेला. ज्याच्या विरुद्ध छोटे विजय मिळवायचे तो माणूसच उरला नाही. बाहेरच्या जगात फ्लेचरला हरवणारी गोष्ट म्हणजे रिकामी दुपार. तिला टोमणा मारता येत नाही. समीक्षक ही मालिका फिकी म्हणून बाजूला ठेवतात. मला ती फिकी वाटली तरी खोटी वाटली नाही. सुटका झालेल्या माणसाचं आयुष्य बहुधा असंच, विनोदाला धरता न येणारं असेल.

म्हणजे माझं उत्तर असं की सिटकॉमला पिंजरा लागतो. फ्लेचरचा पिंजरा दगडी भिंतींचा होता, तो मागेच राहिला. बॉब-टेरीचा पिंजरा म्हणजे त्यांची मैत्री, ती पुढच्या मालिकेत त्यांच्यासोबत आली आणि वर्षांच्या अंतरानं जास्तच घट्ट झाली. एकमेकांबरोबर जमत नाही आणि दुसरं कुणी आपल्याला इतकं ओळखतही नाही. हे मी थोडं स्वतःकडे बघून बोलतोय. गावी माझा एक मित्र आहे. डिप्लोमाला आम्ही एकाच बाकावर होतो, मग मी डिग्रीला गेलो आणि तो वडिलांच्या वर्कशॉपमध्ये. दिवाळीत भेटलो की पहिला तासभर तो मला ‘साहेब’ म्हणतो. ते चेष्टेत असतं असं मी धरून चालतो.

बेकिन्सेल मार्च १९७९मध्ये झोपेतच गेला, ३१ वर्षांचा असताना. गॉडबरचं पुढे काय झालं असतं हा प्रश्न तिथेच संपला.

बॉब आणि टेरीच्या बाबतीत उलटं झालं. त्यांचं पुढे काय झालं ते आहे, आधीचं गायब आहे. व्हिडिओटेप महाग होती, म्हणून बीबीसी त्या काळात जुन्या टेप पुसून पुन्हा वापरायची. ‘द लाइकली लॅड्स’चे कितीतरी भाग असे गेले. १९७३च्या मालिकेत हे दोघं पबमध्ये बसून जुन्या दिवसांवरून भांडतात, कोण काय म्हणालं होतं, कोणती मुलगी कुणाबरोबर नाचली होती. मला वाटलं, जुना भाग काढून बघावं कोण खरं बोलतंय. शोधला. तो नाहीच.