सुटलेली तोफ आणि विसरलेला दोर

बेभरवशाच्या माणसाबद्दल आपण म्हणतो, ‘त्याचा काही नेम नाही’. अशाच माणसाला इंग्रजीत ‘लूज कॅनन’ म्हणतात. पुष्कळांना वाटतं, लूज कॅनन म्हणजे नेम चुकलेली, भलतीकडे गोळे टाकणारी तोफ. खरं तर ही तोफ एकही गोळा उडवत नाही. ती फक्त सुटलेली असते.

हे समजायला आपल्याला जुन्या लढाऊ जहाजावर जावं लागेल. नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ हे जहाज १८०५ मध्ये ट्रफाल्गारला लढलं. त्यावर १०४ तोफा होत्या. सगळ्यांत खालच्या तोफमजल्यावरच्या तोफा ३२ पौंडी, म्हणजे ३२ पौंडांचा गोळा टाकणाऱ्या. अशा एका तोफेचं वजन जवळजवळ तीन टन. एवढ्या धुडाला चाकं कशाला? कारण बार उडाला की तोफ मागे फेकली जाते, आणि पुन्हा भरायची तर तिचं तोंड आत यायलाच हवं. ती भरतात तोंडाकडूनच. म्हणून चाकं हवीत, आणि चाकं आहेत म्हणून दोरही हवेत. मागच्या बाजूनं एक जाड दोरखंड, शिवाय पुढे ओढायला कप्प्यांचे दोर. वादळात तर सगळं आवळून बांधायचं. आता यातला दोर सुटला तर काय होईल? जहाज डावीकडे कललं की तीन टन लोखंड डावीकडे, उजवीकडे कललं की उजवीकडे!

हे दृश्य लोकांच्या मनात ठसवलं ते व्हिक्टर ह्यूगोनं. फ्रेंच राज्यक्रांतीवरची त्याची ‘त्र्याण्णव’ ही कादंबरी १८७४ ची. तिच्यात जहाजावरची एक तोफ सुटते, माणसं चिरडते, जहाज खिळखिळं करते. शेवटी एक तोफची जीव धोक्यात घालून तिला आवरतो. जहाजावरचा वृद्ध सरदार त्याच्या छातीवर सन्मानपदक लावतो, आणि लगेच हुकूम सोडतो: याला गोळ्या घाला! का? कारण ती तोफ नीट बांधण्याचं काम त्याचंच होतं.

पुढे ही प्रतिमा राजकारणात शिरली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती स्वतःबद्दलच वापरली होती. वादळात डेकवर सुटलेली म्हातारी तोफ व्हायची आपली इच्छा नाही, असं ते बोलल्याचं पत्रकार विल्यम ॲलन व्हाइट यांनी आत्मचरित्रात नोंदवलंय. गंमत बघा. १९०९ मध्ये रूझवेल्ट पदावरून उतरले तेव्हा वय अवघं पन्नास. अंगात ताकद भरपूर, पण जागा नाही. १९१२ मध्ये ते आपल्याच पक्षाच्या टाफ्ट यांच्याविरुद्ध नवा पक्ष काढून उभे राहिले. मतं फुटली आणि विल्सन निवडून आले!

आज हा शब्द आपण सगळा दोष तोफेवर टाकून वापरतो. मूळ गोष्टीत मात्र तोफेला दोष नव्हताच. ज्या वजनामुळे ती जहाजाचं बळ होती, त्याच वजनानं जहाज फोडलं. म्हणून यापुढे कुणाला ‘लूज कॅनन’ म्हटलेलं ऐकलंत, की एवढंच विचारा: दोर बांधायचं काम कुणाचं होतं?